शेळ्या ठेवा, कुत्र्याचं ताट बदला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्याकडे दहा-बारा शेळ्या आहेत. मध्यंतरी दोन करडांच्या लेंड्यांवर भाताच्या शितासारखं पांढरं दिसलं. एका करडाच्या मागे तर हातभर पांढरी पट्टी लोंबत होती, ओढली तर तुटली. माझा पाच वर्षांचा मुलगा दिवसभर करडांत असतो, त्यांच्या अंगावर लोळतो. रात्री त्याला शौचाच्या जागी खाज सुटते, अधूनमधून पोट दुखतं म्हणतो. सासूबाई म्हणतात, करडांचे जंत पोराला लागले, शेळ्या विकून टाका. करडांसाठी आणलेलं औषध थोडं त्याला पाजलं तर चालेल का? वस्तीत डुकरंही मोकळी फिरतात, पण आम्ही डुकराचं मांस खात नाही, म्हणजे मेंदूत जाणाऱ्या जंताची आम्हाला भीती नाही ना? आणि एक, मागे बोकड कापला तेव्हा काळजात पाण्याचे फोड निघाले होते. तेवढा भाग कापून घरच्या कुत्र्याला टाकला, बाकीचं शिजवून आम्ही खाल्लं. त्यानं काही होईल का?

ताई,

आधी सरळ उत्तरं देते. शेळ्या विकू नका. करडांचं औषध मुलाला पाजू नका. काळीज शिजवून खाल्लंत, त्यानं काही होत नाही. पण ते फोड कुत्र्याला टाकलेत, आणि काळजी करायची तर तिथे आहे. पांढरी पट्टी डोळ्यांना दिसली म्हणून अख्खं घर हवालदिल झालं, फोडांचा उल्लेख मात्र पत्राच्या शेवटी, जाता जाता. जनावरं पाळणाऱ्यांच्या पत्रांत हे असंच उलटं असतं.

पट्टीचं आधी संपवू. कोवळ्या करडांच्या आणि कोकरांच्या पोटात मोनिझिया नावाचा पट्टकृमी सर्रास असतो. तो कित्येक मीटर लांब वाढतो. त्याचे कप्पे सुटून लेंड्यांवर येतात, तीच तुमची शितं. लेंडीतली अंडी गवताच्या मुळाशी राहणारे माइट नावाचे जीव खातात. हे माइट इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत. अंडं त्यांच्या पोटात वाढतं, पुढे चरताना तो माइट गवताबरोबर करडाच्या पोटात जातो आणि साधारण दीड महिन्यात नवा जंत तयार होतो. शेळी, माइट, पुन्हा शेळी, एवढाच त्याचा फेरा. तुमचा मुलगा त्यात कुठे बसत नाही. करडाला मिठी मारून झोपला म्हणून हा जंत त्याला लागेल ही भीती मनातून काढून टाका. लेंड्यांत हात घातला तर धुवायचाच, पण ते जुलाबाच्या जंतूंसाठी. पट्टकृमीचा त्याच्याशी संबंध नाही.

करडांनाही या जंताचा त्रास बेताचाच होतो. वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती येते आणि जंत आपोआप कमी होतात. जंत फारच झाले तर पोट सुटतं, हगवण लागते, वाढ मागे पडते. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून वजनाप्रमाणे औषध पाजावं. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, प्राझिक्वान्टेल यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की सगळे जंत गेले असं अनेक जण धरून चालतात, पण पट्टकृमीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. शेळी नुकतीच गाभण राहिली असेल तर अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो. आणि पट्टी लोंबताना दिसली तर ओढू नका. ती तुटते, डोकं आत राहतं आणि तिथून पुन्हा वाढते.

करडं मरगळलेली असतील तर मात्र सगळा दोष पट्टीवर टाकून थांबू नका. करडाची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढून आतला रंग पाहा. तिथे लालसर गुलाबी दिसायला हवं. फिकट पांढुरकं दिसलं तर आत बहुधा रक्त पिणारे गोल जंत आहेत. ते लेंडीत दिसत नाहीत आणि करडाला मारतात. पट्टी लक्ष वेधून घेते आणि करडू मरतं दुसऱ्याच जंतानं, हे प्रकरण गोठ्यांत नेहमीचं आहे.

मुलाची खाज रात्रीची आहे, म्हणून माझा पहिला संशय सुतकृमीवर. सुताच्या तुकड्याएवढे हे पांढरे जंत लहान मुलांत सगळीकडे आढळतात. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्री सुटते. ते माणसाकडून माणसाला होतात, जनावरांचा त्यात काही हात नाही. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. औषध साधं असतं, पण घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यावं लागतं आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापा. सकाळी उठल्या उठल्या त्याची चड्डी बदला, पांघरुणं गरम पाण्यानं धुवा.

करडांचं औषध का नको, हेही सांगते. औषधाचं नाव एकच असलं तरी जनावरांच्या बाटलीत ते किती घट्ट आहे, सोबत आणखी काय मिसळलंय, हे पाच वर्षांच्या मुलाच्या वजनाच्या हिशेबानं ठरवलेलं नसतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते पुढे डुकरांच्या वेळी येईल.

आता फोडांकडे वळते.

बोकडाच्या पोटात पाण्याचे फोड दोन तऱ्हेचे सापडतात. एक लोंबता असतो. काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, पृष्ठभागावर किंवा आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला पातळ पिशवी लटकलेली असते, आत नितळ पाणी, आणि उजेडात धरली की भिंतीला एकच पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे जंताचं डोकं. हा कुत्र्याच्या एका पट्टकृमीचा फोड. तो माणसाला होत नाही. दुसरा फोड काळजात किंवा फुप्फुसात रुतून बसलेला असतो. बोटानं दाबला तर टणक लागतो, भिंत जाड आणि पांढुरकी, कापला तर पाणी दाबानं बाहेर उडतं, आणि ते भांड्यात थोडा वेळ ठेवलं की तळाशी बारीक वाळूसारखा गाळ बसतो. त्या गाळाचा प्रत्येक कण म्हणजे एक होऊ घातलेला जंत. याला हायडॅटिड म्हणतात आणि हा एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या जंताचा. तुम्ही लिहिलंय ‘काळजात’, म्हणजे बहुधा हाच, पण पत्रावरून छातीठोक सांगता येत नाही. सांगता आलं नाही तरी बिघडत नाही, कारण दोन्ही फोडांबाबत नियम एकच आहे: कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही.

का, ते पाहा. शेळीच्या काळजातला फोड शेळीत कधीच जंत होत नाही. तो कुत्र्यानं खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात हजारोंनी जंत होतात. कुत्र्याला त्याचं काहीच होत नाही. तो खातो, खेळतो, अंगानं छान असतो. जंत एवढासा, दोन ते सात मिलिमीटर, त्यामुळे विष्ठेतही नजरेला पडत नाही. फोड खाल्ल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी बाहेर पडू लागतात. ती अंगणात, चाऱ्यावर, पाण्यात जातात आणि कुत्रा मागची बाजू चाटून तेच तोंड अंगाला लावतो म्हणून त्याच्या केसांनाही चिकटतात. शेळीनं चाऱ्यातून अंडं गिळलं की तिच्या काळजात फोड होतो. मुलानं कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घातला तर त्याच्या काळजात. या जंताच्या हिशेबात माणूस शेळीच्याच जागी आहे.

म्हणूनच फोडाचा भाग काढून उरलेलं काळीज तुम्ही शिजवून खाल्लंत त्यात धोका नव्हता. माणसाला हा आजार फोड खाऊन होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून होतो. खाटकाकडचं काळीज पाहून नाक मुरडणारे लोक दारातला कुत्रा खुशाल मांडीवर घेतात, त्याला काय म्हणायचं!

माणसात ही गाठ बहुतेक वेळा यकृतात होते, त्या खालोखाल फुप्फुसात. ती फार हळू वाढते. लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याची गाठ मोठेपणी, कधी दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत सापडते. फुटली तर आतल्या पाण्यानं जिवावर बेतेल अशी ॲलर्जी येऊ शकते आणि गाळातले कण पसरून नव्या गाठी होतात. म्हणून अशा गाठीत उगाच कुणी सुई घालू नये. गाठीच्या अवस्थेप्रमाणे कधी अल्बेंडाझोलचा लांब कोर्स, कधी औषधाच्या आडोशानं नेमक्या पद्धतीनं पाणी काढणं, कधी शस्त्रक्रिया, तर कधी नुसतं लक्ष ठेवणं, असे उपचार असतात. आणि ही गाठ एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही.

मुलाची लगेच तपासणी करायला धावा असं मी म्हणत नाही. पोटदुखीसाठी डॉक्टरकडे नेणारच आहात, तेव्हा एवढं नक्की सांगा: घरात कुत्रा आहे, शेळ्या आहेत, आणि कुत्र्यानं फोड खाल्लेले आहेत. तुम्ही सांगितलं नाही तर हे त्यांना कळायला मार्ग नाही. सोनोग्राफी करायची का, ते ते ठरवतील. आणि आता काही दिसलं नाही तर ती चांगलीच गोष्ट, पण तेवढ्यावरून कुत्र्याचं औषध टाळू नका.

कुत्र्याचं असं करा. जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे प्राझिक्वान्टेल द्या. पहिल्या डोसनंतर दोन दिवस त्याला बांधून ठेवा. जंत मरतात, पण अंडी या औषधानं मरत नाहीत, त्यामुळे त्या दोन दिवसांची विष्ठा हातमोजे घालून गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधलेल्या जागेवर फिनाईल ओतून समाधान मानू नका. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. थंडीत गोठूनही ती टिकतात, ओलसर सावलीत महिनोन् महिने जगतात. त्यांना मारतं ते उकळतं पाणी आणि कडक कोरडं ऊन. पुढे औषध निदान दर तीन महिन्यांनी, आणि कुत्र्याला बाहेर मेलेली जनावरं किंवा कापलेल्यातलं काही खायला मिळत असेल तर दर सहा आठवड्यांनी. सहा आठवडे अशासाठी, की नवा जंत अंडी घालू लागायच्या आधीच तो मारला जातो.

मात्र औषधापेक्षा ताट महत्त्वाचं. काळीज, फुप्फुसं, पोटातलं काहीही कुत्र्याला कच्चं देऊ नका. द्यायचंच असेल तर लहान तुकडे करून किमान अर्धा तास खळखळ उकळून द्या. ज्यात फोड आहेत तो भाग देऊच नका. तो जाळा, नाहीतर इतका खोल पुरा की कुत्री उकरून काढणार नाहीत, आणि वर दगड ठेवा. उकिरड्यावर टाकलंत तर तुमचा कुत्रा सुटला, पण वस्तीतले पाच कुत्रे आणि त्यांच्यामागून तुमच्याच शेळ्या अडकल्या. बोकड कापताना कुत्रा बांधलेला हवा, हेही लक्षात असू द्या. आपण आत भांडं आणायला जातो तेवढ्यात त्याचं काम झालेलं असतं.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का, असं वाटेल. आइसलँडमध्ये पडला. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश संशोधक तिथे गेले. घरोघरी मेंढ्या, घरोघरी कुत्रे, आणि पोटात गाठी असलेली माणसं ठिकठिकाणी. त्यांनी शंभर कुत्री कापून तपासली, २८ मध्ये हा जंत निघाला. मग लोकांना समजेल अशी छोटी पुस्तिका लिहून ती घरोघर वाटली गेली: फोड कुत्र्याला देऊ नका, नष्ट करा, कुत्र्याच्या फार जवळ जाऊ नका. प्राझिक्वान्टेल तेव्हा नव्हतंच, ते शंभरएक वर्षांनी आलं. तरी पुढच्या पिढ्यांत आजार ओसरत गेला आणि अखेर त्या देशातून नाहीसा झाला. न्यूझीलंडनं कित्येक दशकं कुत्र्यांवर मेहनत घेऊन २००२ साली या जंतापासून तात्पुरती मुक्ती जाहीर केली. मेंढ्या दोन्हीकडे राहिल्या. हे सासूबाईंना वाचून दाखवा.

कळपातली एखादी शेळी मान तिरकी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागली तर तीही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. इतर कारणंही असतात, पण कुत्र्याच्याच आणखी एका पट्टकृमीचा फोड शेळीच्या मेंदूत झाला की असं होतं. म्हणजे पुन्हा कुत्र्याला औषध.

आता डुकरं. ‘आम्ही डुकराचं मांस खात नाही, म्हणजे आम्हाला भीती नाही,’ हे तुमचं वाक्य खोडून टाकायला हवं. टीनिया सोलियम हा डुकराशी जोडलेला जंत माणसाला दोन वाटांनी गाठतो आणि दोन्ही वाटांचा घोटाळा कायम होतो. पहिली वाट: डुकराच्या मांसातले फोड अर्धकच्चे खाल्ले की माणसाच्या आतड्यात दोन-चार मीटर लांब जंत होतो. त्याचा त्रास फारसा जाणवतही नाही. दुसरी वाट: ज्याच्या आतड्यात असा जंत आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती कुणाच्या हातावरून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत फोड होतात. मेंदूतला हा फोड माणसाच्या शौचातून येतो, मांसाच्या ताटातून नाही. डुकराला जे होतं तेही उघड्यावरच्या शौचामुळेच.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या कट्टर ज्यू समाजातल्या चार जणांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. डुकराचं मांस त्यांच्या घरात येणं शक्यच नव्हतं आणि मेंदूत याच जंताचे फोड. शोध घेतल्यावर निष्कर्ष निघाला, की हा जंत जिथे आढळतो अशा देशांतून आलेल्या घरकामाच्या व्यक्तींकडून अंडी आली असावीत. त्या व्यक्तींचा दोष काय? पोटात जंत आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. जिथे डुकरं मोकळी फिरतात आणि शौच उघड्यावर होतं अशा भागांत मिरगीच्या साधारण ३० टक्के रुग्णांमागे हा जंत असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग तुमच्यासाठी याचा अर्थ काय? शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात, कच्ची खायची भाजी स्वच्छ पाण्यानं नीट धुतलेली, पिण्याचं पाणी उकळलेलं, आणि घरात कुणाच्याही शौचात पांढऱ्या चपट्या पट्ट्यांचे तुकडे दिसले तर लाजून न लपवता तपासणी. तुकडा स्वच्छ डबीत घालून नेला तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. तुकडे स्वतःहून वळवळत बाहेर येत असतील तर तो बहुधा गाय-बैलांच्या मांसातून येणारा जंत असतो. तो मेंदूत जात नाही, पण काढायला हवाच. एरवी कुठलंही मांस आतपर्यंत नीट शिजलं की फोड मरतात. खिम्याला आत ७१ अंश सेल्सिअस पोहोचायला हवं, मोठ्या तुकड्याला ६३ आणि वर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. घरी तापमापक नसतो, म्हणून मधोमध चिरून पाहा: कच्चट गुलाबी दिसलं तर पुन्हा चुलीवर.

मघाचं दुसरं कारण आता सांगते. कुणाच्या मेंदूत असे फोड असतील आणि त्यानं पट्टकृमीचं औषध मनानं घेतलं, तर फोड मरताना आजूबाजूला सूज येते आणि झटके येऊ शकतात. डॉक्टर अशा वेळी सूज उतरवणारी औषधं सोबत देतात. म्हणून ज्याला पूर्वी झटके आलेत किंवा न थांबणारी डोकेदुखी आहे त्यानं दुकानातून आणून गोळी घेऊ नये, आणि मुलाला तर कोणतंच जंताचं औषध अंदाजानं नको.

डुकरं पाळणाऱ्या शेजाऱ्यांशी भांडू नका. डुकरं कोंडवाड्यात ठेवली तर बरं, एवढं सांगून पाहा. डुकरांसाठी लस आहे, ऑक्सफेंडाझोल हे औषधही आहे, जनावरांचे डॉक्टर माहिती देतील. मात्र वस्तीत उघड्यावर शौच होत असेल तर डुकरांआधी तो प्रश्न हाती घ्यावा लागेल, आणि तो एकट्या शेजाऱ्याचा नाही.

या आठवड्यात कुत्र्याला औषध आणि मुलाला डॉक्टर, एवढी दोन कामं करा. करडांचं औषध त्यानंतर जमलं तरी चालेल. फक्त शेळ्यांना औषध पाजल्यावर दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही ते बाटलीवर छापलेलं असतं. तेवढे दिवस ते दूध मुलाला देऊ नका.